चिठ्ठीला उत्तर हवं आहे

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमचं परिपत्रक आलं. 'विद्यार्थ्यांच्या तक्रारी व सूचना यापुढे वर्गशिक्षकांमार्फतच स्वीकारल्या जातील. अर्जावर विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, तुकडी व पालकांची स्वाक्षरी असणे बंधनकारक राहील. निनावी अर्जांची दखल घेतली जाणार नाही.' त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. तक्रारपेटी काढण्यात येत आहे. समुपदेशकांची खोली परीक्षा विभागाला देण्यात येत असून त्या आठवड्यातून एक दिवस 'उपलब्ध जागेत' बसतील.

नियमाप्रमाणे मी ते वर्गात वाचून दाखवलं. एरवी परिपत्रक वाचताना मागच्या बाकांवर कुजबुज चालू असते, या वेळी नव्हती. वाचून झालं तसा एका मुलीनं हात वर केला. "बाई, तक्रार तुमच्याबद्दलच असली तर?" वर्ग हसला, मीही हसले. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं नाही. हे पत्र त्या प्रश्नापासून सुरू झालं.

मी १९ वर्षं वर्गशिक्षिका आहे. या परिपत्रकानं माझा अधिकार वाढवला आहे. माझ्या वर्गातलं कोणतं गाऱ्हाणं पुढे जाईल आणि कोणतं माझ्या टेबलाच्या खणात राहील, हे आता मी ठरवायचं. हा अधिकार मला नको आहे. तसं मी दोन अर्जांत लिहून दिलं. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. मुलांच्या चिठ्ठ्यांचं जे होतं तेच माझ्या अर्जांचं झालं, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी त्या पेटीबद्दल, कारण पेटी काढण्याचं कारण तुम्ही बैठकीत असं दिलंत की तिच्यात काही येतच नाही. म्हणजे मुलांना तक्रारी नाहीत.

पेटी तीन वर्षांपूर्वी लागली. छोटा कार्यक्रम झाला, फोटो निघाले. लावली ती मुख्याध्यापकांच्या दालनाच्या दाराशेजारी आणि तिच्या बरोबर वर कॅमेरा. चौदा वर्षांचं मूल तिथे उभं राहून खिशातून चिठ्ठी काढेल, अशी अपेक्षा आपण कशी केली कोण जाणे. तरी मुलांनी टाकल्या. पेटी शेवटची कधी उघडली होती, असं मी विचारलं तेव्हा कार्यालयात किल्लीची शोधाशोध सुरू झाली. किल्ली सापडली तर कुलूप गंजलेलं. शेवटी शिपाईमामांनी तेल सोडून ते उघडलं. मी तिथे हजर होते. आत १४ चिठ्ठ्या होत्या.

तीन चिठ्ठ्या पंख्याबद्दल आणि मोडक्या बाकांबद्दल. एकीत सुट्टी वाढवण्याची विनंती. एकीवर एका बाईंचं चित्र, चष्म्यावरून मला वाटतं माझंच, आणि खरं सांगायचं तर बरं जमलं होतं. तीन पावसाच्या पाण्यानं वाचता येण्यापलीकडे गेलेल्या. आणि पाच चिठ्ठ्या, पाच वेगवेगळ्या अक्षरांतल्या, एकाच गोष्टीबद्दल: मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला आतून कडी नाही आणि दुसरं दार लागतच नाही. त्यातल्या सर्वांत जुन्या चिठ्ठीवर तारीख होती. ती टाकून ११ महिने झाले होते.

या ११ महिन्यांत काय होत होतं ते मी मग मुलींना विचारलं. एक जण आत जाते, दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते. जिला दार धरायला मैत्रीण नाही, ती जात नाही. जायचं नाही म्हणून ती पाणी पीत नाही. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जाते. त्या भरलेल्या बाटल्या मी बाकांवर रोज पाहत होते. "पाणी प्या गं पोरींनो, शेवटच्या तासाला डोकी दुखतात तुमची," असं वर रागावतही होते. माझ्या रागावण्यावर त्या मान हलवायच्या. त्यांनी सांगायचं तिथे सांगून ठेवलं होतं, आणि ते कुलपात होतं.

कडी दुसऱ्याच दिवशी बसली. मामांनी मधल्या सुट्टीत चार स्क्रू पिळले, दुसऱ्या दाराची बिजागरी ठोकून सरळ केली, झालं. आपण 'विद्यार्थी कल्याण' या नावाचा सप्ताह साजरा करतो, भाषणं ठेवतो, भित्तिपत्रकं लावतो. त्या सप्ताहातही त्या दाराला कडी नव्हती.

चौदावी चिठ्ठी मी शेवटी ठेवली आहे. गणिताच्या वहीच्या चौकटीच्या कागदाचा तुकडा, घडीवर घडी घालून नखाएवढा केलेला. आत दोन वाक्यं: 'मला कुणाशी तरी बोलायचं आहे. नाव लिहिलं तर घरी कळेल का?' तारीख नाही, इयत्ता नाही. लिहिणारं मूल अजून शाळेत आहे की शाळा सोडून गेलं, हेही आपल्याला माहीत नाही.

तेव्हा मुलं बोलत नाहीत, हे कृपा करून पुन्हा म्हणू नका. मुलं बोलली. एकदा बोलून पाहतात, थांबतात, काही हललं का बघतात. काही हललं नाही की दुसऱ्यांदा बोलत नाहीत, आणि मग त्या शांततेला आपण शिस्त म्हणतो. परिपत्रकानं आता या शांततेचा नियमच केला आहे.

पालकांच्या स्वाक्षरीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण यात माझी स्वतःची चूक आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळला. फळा पुसून देतो म्हणाला. फळा पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करून, त्यानं घरातल्या भांडणांबद्दल सांगितलं. रात्री झोप लागत नाही म्हणाला. मी त्याला धीर दिला आणि त्याच संध्याकाळी त्याच्या घरी फोन केला. माझा हेतू चांगला होता. त्याला विचारलं मात्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला, पहिल्या बाकावरची आपली पिशवी उचलली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. वर्ष संपेपर्यंत त्यानं मला हजेरीला 'हजर' यापलीकडे एक शब्द सांगितला नाही. फोन केल्यावर घरी त्याचं काय झालं, हे मला आजही माहीत नाही. विचारण्याचा हक्क मी घालवला होता.

मी एकदा चुकून केलं ते हे परिपत्रक प्रत्येक मुलाच्या बाबतीत नियमानं करणार आहे. ज्या मुलाला घरातूनच त्रास आहे, त्यानं त्रास देणाऱ्याची सही आणायची. ज्याची तक्रार वर्गशिक्षकाबद्दल आहे, त्यानं ती वर्गशिक्षकाच्या हातात द्यायची. बरेच पालक समजूतदार असतात, मला मान्य आहे, आणि बरीच मुलं घरी सगळं सांगतातही. त्यांना तुमच्या परिपत्रकाची गरजच नाही. नियम करताना ज्याला सांगायला कुणीच नाही, त्याचा विचार आधी करायला हवा होता.

मुलाचं सगळं गुपित ठेवा, असंही मी म्हणत नाही. जिवाला धोका असेल, कुणी इजा करत असेल, अत्याचार होत असेल, तर मोठ्यांना पुढे सांगावंच लागतं आणि सांगितलंच पाहिजे. पण हे मुलाला सुरुवातीलाच सांगायचं असतं, त्यानं तोंड उघडण्याआधी. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नसतं. आणि सांगायची वेळ आली तर कुणाला, कधी, कशा शब्दांत, हे त्याच्याबरोबर बसून ठरवायचं असतं. आपल्या समुपदेशक बाई हेच करत होत्या. त्यांच्याकडूनच मी हे शिकले, तो मुलगा शेवटच्या बाकावर गेल्यानंतर.

त्यांच्या खोलीबद्दल. खोली लहान होती, दाराच्या काचेला आतून कागद लावलेला होता आणि दोन खुर्च्या समोरासमोर नव्हत्या, तिरक्या होत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण 'उपलब्ध जागेत' यातलं काहीच नसतं. उपलब्ध जागा म्हणजे ग्रंथालयाचा कोपरा किंवा शिक्षक-कक्षातलं टेबल. तिथे जाऊन बसणारं मूल सगळ्या शाळेला दिसणार. आणि आठवड्यातला एक दिवस? मुलं सोमवारी कोसळली तर गुरुवारपर्यंत थांबायची, असं काही ठरलं आहे का?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४ वर्षांपर्यंत होते आणि त्यातले बहुतेक तेव्हा लक्षातही येत नाहीत, उपचार तर दूरच. १० ते १९ या वयोगटातल्या दर सातांपैकी एकाला काही ना काही मानसिक त्रास असतो, असाही तिचा अंदाज आहे. ४० मुलांच्या वर्गात ही संख्या पाच-सहा होते. मी हजेरी घेताना हा हिशेब मनात येतो आणि ती पाच-सहा नावं कोणती, हे मला सांगता येत नाही.

बैठकीत एका सदस्यांनी म्हटलं की असे विषय काढले की मुलांच्या डोक्यात नको ते शिरतं. ही भीती खूप जणांना असते, म्हणून उत्तर देते. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, असं काळजीनं आणि सरळ विचारल्यानं ते विचार पेरले जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनाही या समजुतीला गैरसमजच म्हणते. उलट कुणीतरी विचारलं, याचाच मुलाला आधार वाटतो. न विचारण्यानं फक्त आपण मोठे सुरक्षित राहतो.

आता विद्यार्थी प्रतिनिधी मंडळ. मुलांचा आवाज ऐकण्यासाठी ते आहेच, असं परिपत्रकात शेवटी म्हटलं आहे. हे मंडळ आम्ही शिक्षक निवडतो, गुण पाहून. वर्षभरात ते तीन वेळा जमलं: दोनदा पाहुण्यांच्या स्वागताला आणि एकदा फोटोसाठी. रॉजर हार्ट या अभ्यासकानं १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाच्या तीन पायऱ्या त्यानं सहभागात मोजल्याच नाहीत: मुलांकडून आपल्याला हवं ते वदवून घेणं, मुलांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करून घेणं. आपलं मंडळ दुसऱ्या पायरीवर आहे, हातात फुलं घेऊन.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये हेच आणखी नेमकं सांगितलं. मुलाला बोलायला सुरक्षित जागा हवी, मत मांडायला मदत हवी, ऐकणारा असा हवा की ज्याच्या हातात काही करणं आहे, आणि ऐकल्याचा निर्णयावर काही परिणाम दिसला पाहिजे. चारपैकी एक जरी गळलं तरी बाकीची तीन वाया जातात, असं मला अनुभवानं वाटतं. आपण पेटी लावली, ती उघडली नाही. समुपदेशक नेमल्या, त्यांच्या हातात अधिकार दिला नाही. आता खोलीही गेली.

आणि हे सगळं आपण मुलांवर उपकार म्हणून करायचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या कलम १२ प्रमाणे, स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्याशी संबंधित सगळ्या बाबतींत ते मोकळेपणी मांडायचा हक्क आहे, आणि त्याचं वय आणि समज पाहून त्या मताला वजन द्यायचं आहे. जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी हे मान्य केलं आहे. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीनं या कलमाचा अर्थ उलगडून सांगितला. वयाची किमान अट घालू नका, बोलण्याची पात्रता मुलाला सिद्ध करायला लावू नका, जी मुलं शब्दांत सांगू शकत नाहीत त्यांचे हावभाव, खेळ, चित्रंही ऐका, आणि मुलानं दिलेल्या मताचं पुढे काय झालं ते त्याला कळवा. हे शेवटचं आपल्याकडे कधीच होत नाही. चष्मेवाल्या बाईंच्या चित्रालाही, या न्यायानं, उत्तर द्यावं लागेल. मी देईन.

हे काही नवं खूळ नाही. वॉर्सामधल्या अनाथाश्रमात डॉक्टर यानुश कोरचाक यांनी शंभर वर्षांपूर्वी मुलांचं न्यायालय चालवलं होतं. न्यायाधीश मुलंच असायची आणि खटला मोठ्यांवरही भरता यायचा. कोरचाक यांनी अर्ध्या वर्षात स्वतःवरच पाच खटले गुदरले, त्यातला एक मुलाच्या कानाखाली मारल्याबद्दल होता. त्यांच्या आश्रमात सूचनाफलक होता आणि पत्रपेटीही होती. पत्रपेटीमुळे मुलं उत्तराची वाट पाहायला शिकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. वाट पाहायला शिकायची तर उत्तर येतं हे आधी दिसावं लागतं.

खोट्या तक्रारी येतील, शिक्षकांची बदनामी होईल, हा तुमचा आणि माझ्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप मला माहीत आहे. काही येतीलही. पण तक्रार म्हणजे निकाल नव्हे. चौकशी करायची, दोन्ही बाजू ऐकायच्या, मग ठरवायचं. निनावी चिठ्ठीवरून कुणाला शिक्षा करता येणार नाही, बरोबर आहे, आणि तशी कुणी मागणीही करत नाही. पण दाराला कडी आहे की नाही हे बघायला कुणाचं नाव लागतं?

माझं मागणं फार नाही. हे परिपत्रक मागे घ्या, आणि नवं काढाल ते मुलांना आधी दाखवून, त्यांचं ऐकून काढा. पालकांच्या स्वाक्षरीची अट पूर्णपणे काढा. पेटी परत लावा, पण कॅमेऱ्याखाली नको. दोन पेट्या लावा, एक ग्रंथालयात आणि एक मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर. दर शुक्रवारी त्या उघडायच्या, आणि उघडताना समुपदेशक, एक शिक्षक आणि मुलांनी स्वतः निवडलेले दोन प्रतिनिधी हजर. कुणाच्या जिवाशी, घराशी किंवा अत्याचाराशी संबंधित चिठ्ठी असेल ती फक्त समुपदेशकांनी वाचायची; म्हणून चिठ्ठ्या आधी त्यांच्या हातात जाव्यात. बाकी प्रत्येक चिठ्ठीला १० दिवसांत फलकावर लेखी उत्तर. 'होणार नाही' हेही उत्तर चालेल, कारण लिहा. मुलं नकार पचवतात. माझ्या वर्गात रोज पचवतात.

समुपदेशकांची खोली परत द्या, रोजची. परीक्षा विभागाला कपाटं हवी आहेत, तर माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला दोन बसतील. प्रतिनिधी मंडळ मुलांनी गुप्त मतदानानं निवडावं, त्यात मागे पडणारी, बोलताना अडखळणारी, अपंग मुलंही येतील अशी सोय असावी, आणि तुमच्या दर बैठकीत त्यांच्या दोन प्रतिनिधींना पहिला अर्धा तास मिळावा. शेवटचा नको. शेवटी सगळे घड्याळ बघत असतात. आणि आम्हा सगळ्या शिक्षकांना ऐकण्याचं प्रशिक्षण द्या. मी पहिल्या रांगेत बसेन.

एक गोष्ट मी तुमची परवानगी न घेता केली आहे, ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगते. नळाजवळच्या फलकावर मी परवा एक कागद लावला. त्यावर लिहिलं आहे:

'चौकटीच्या कागदावर विचारणाऱ्या/रीस. तुझी चिठ्ठी मिळाली. फार उशीर झाला, त्याबद्दल माफी मागते. नाव लिहायची गरज नाही. तुला विचारल्याशिवाय घरी सांगणार नाही. तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी इजा करत असेल तर मला मदत घ्यावी लागेल, पण ते आधी तुला सांगेन आणि कुणाला सांगायचं ते दोघं मिळून ठरवू. मी मधल्या सुट्टीत ग्रंथालयातल्या शेवटच्या टेबलापाशी असते. नुसतं येऊन बसलं तरी चालेल.'

दोन दिवस झाले, अजून कुणी आलेलं नाही. काल एक मुलगा कागदासमोर बराच वेळ उभा होता, पण तो पाणी प्यायला आला असेल. तो कागद काढायला मामांना सांगू नका.

आपली,
नववीची एक वर्गशिक्षिका